खुंट्याच्या माथ्यावरचं गवत

महाडच्या बाजारपेठेत माझं फोटोचं दुकान होतं, हे जुन्या माणसांना आठवत असेल. लग्नं, मुंजी, मॅट्रिक पास झालेले चिरंजीव, आणि नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून त्याला पाठवायला अंगावर सगळे दागिने घालून ताठ बसलेल्या बायका, हे माझं रोजचं गिऱ्हाईक. पण दहा-अकरा वर्षं मी आणखी एक उद्योग करत होतो आणि त्याची गावात कुणाला फारशी खबर नव्हती. मुंबईहून एक इंग्रजी त्रैमासिक निघायचं. त्यात फक्त कडे आणि सुळके चढण्याबद्दल लिहिलेलं असे. राजकारण नाही, बाजारभाव नाही. हा कडा कुठून चढावा, तो का चढता आला नाही, दोर कशाला घासून तुटला, एवढंच. त्याला मी फोटो आणि मजकूर पाठवत असे. महाडात त्याचा एकच अंक यायचा, तो माझा.

आमच्या पोस्टमास्तरांनी एकदा तो चाळून पाहिला आणि मला विचारलं, "हे लोक वर जाऊन करतात काय?"

"खाली उतरतात," मी म्हणालो.

"मग जातात कशाला?"

याचं नीटसं उत्तर मला आजही देता येणार नाही. मी स्वतः एकही कडा चढलेलो नाही. मी नेहमी समोरच्या डोंगरावर, डोक्यावर कॅमेऱ्याचं काळं फडकं घेऊन उभा.

याची सुरुवात झाली ती एका मोटारीचं चाक बसल्यामुळे. महाबळेश्वरला निघालेले एक पारशी गृहस्थ चाक दुरुस्त होईपर्यंत माझ्या दुकानासमोर येरझारा घालत होते. दुकानाबाहेर मी आंबेनळी घाटातल्या एका कड्याचा फोटो टांगला होता. गिऱ्हाइकांना वाटावं, की हा मनुष्य नुसते चेहरे काढणारा नव्हे, एवढाच त्यात हेतू. ते गृहस्थ फोटोला नाक लावून उभे राहिले आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "ही फट वरपर्यंत जाते, की मधेच संपते?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"फोटो कोणी काढला?"

"मीच."

"मग तुम्ही काढलं काय? तुम्ही पाहिलंच नाही!"

ते सोराबजी. धंद्याने सॉलिसिटर आणि हौसेने त्या त्रैमासिकाचे संपादक. मोटार निघून गेली, पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम पोलादपूरला जाऊन, तिथून घाटात चालत जाऊन ती फट पाहून आलो. मधेच संपत होती. एक लहानसं झाड होतं, त्याच्या वर सपाट कातळ. मी सोराबजींना तसं पत्र लिहिलं. उलटटपाली उत्तर आलं : "झाड कसलं? खोड किती जाड? माणसाचं वजन पेलेल का?" मी पुन्हा गेलो. अशी मला ती सवय लागली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की कड्याचा फोटो म्हणजे सोपं काम. कडा काही हलत नाही. खरी गोष्ट अशी, की कडा दिवसभर हलत असतो. भर दुपारी तो सारवलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. सकाळी ऊन तिरकं आलं, की तीच भिंत उलगडते. प्रत्येक भेग, प्रत्येक पायरी आपापली सावली घेऊन उभी राहते. हा वेळ अर्धा तास असतो, कधी त्याहून कमी. त्याआधी समोरच्या धारेवर जाऊन, तिकाटणं रोवून, कॅमेरा लावून तयार राहायचं. काचेच्या प्लेटी एका वेळी बारा. त्या फुटू नयेत म्हणून त्यांच्या पेटीत कापूस भरायचा. हे सगळं ओझं उमरठच्या पलीकडल्या एका वाडीतला धोंडू वाहायचा. माझ्याच वयाचा, बोलायला कमी, पण कुठल्या धारेवरून कुठला कडा कसा दिसेल हे बिनचूक सांगणारा. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं दिसतं. धोंडूला मी एकदा फडक्याखाली डोकावू दिलं, तर तो म्हणाला, "मास्तर, डोंगर वर टांगलाय की! पानी कुठं जातंय मग?" आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

लिहिणं मला फोटोपेक्षा जड गेलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून लिहिलेलं. पहिल्या लेखात मी सूर्योदयावर दीड पान लिहिलं. सोराबजींनी ते सगळं तांबड्या शाईने छाटलं आणि समासात लिहिलं : "सूर्य मुंबईतही उगवतो. तिसऱ्या टप्प्यावर त्याने आधी कुठला हात वर टाकला, ते लिहा." तेव्हापासून मी तेच लिहू लागलो आणि माझ्या लक्षात आलं, की तेच लिहिणं जास्त कठीण आहे.

गमतीची गिऱ्हाइकंही भेटली. आमच्या गावचे एक वकील होते. त्यांना त्या त्रैमासिकात आपली छबी छापून यावी असं फार वाटे, पण देह असा, की दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दम लागायचा. त्यांनी मला सावित्रीच्या काठी नेलं, एका खडकावर उपडे झाले आणि म्हणाले, "आता तुमचा कॅमेरा वाकडा करा." मी केला. छाप सुरेख आला. वकीलसाहेब सरळसोट कातळाला लटकलेले, चेहऱ्यावर पराकाष्ठेचा ताण. तो ताण मात्र खरा होता, कारण खडक तापलेला होता. मी थोड्या लाजेने आणि थोड्या कुतूहलाने तो सोराबजींकडे पाठवला. आठ दिवसांनी परत आला. वकिलांच्या घड्याळाच्या साखळीभोवती तांबडं वर्तुळ काढलं होतं. साखळी खाली लोंबायची ती आडवी, कातळाकडे लोंबत होती. खाली एकच ओळ : "या गृहस्थांच्या घड्याळात किती वाजले?"

असा तो मनुष्य. म्हणून पुढे जे झालं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. चूक माझी होती आणि ती त्यांच्याही नजरेतून निसटली.

आंबेनळीच्या अलीकडे मुख्य डोंगरापासून सुटून उभा राहिलेला एक सुळका आहे. आजूबाजूचे लोक त्याला खुंटा म्हणतात. डोंगर आणि खुंटा यांच्यामध्ये एक अरुंद खिंड. खुंट्याच्या माथ्यावर दोन-तीन खळ्यांएवढी सपाट जागा. विल्टन नावाचा एक इंग्रज इंजिनियर, मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीत होता, त्याने तो चढायचं ठरवलं. मार्गशीर्षातली थंडी. मी आणि धोंडू समोरच्या धारेवर पहाटेच जाऊन बसलो. साहेब आणि त्याचा एक मित्र दोर बांधून समोरच्या उभ्या अंगाने चढू लागले. मला काचेवर ते उलटे दिसत होते, दोन मुंग्या छतावरून चालल्यासारख्या. एका जागी साहेब पाऊण तास अडकला. हात वर टाकायचा, परत घ्यायचा. शेवटी तो वर गेला, टोपी काढून हलवली आणि मी प्लेट उघडली. चार तासांच्या चढाईत दोन प्लेटी साधल्या. एक सकाळची, एक जवळजवळ अकराची.

धोंडू दिवसभरात एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, तोही माझ्यासारखाच थक्क झाला आहे.

मी सहा पानं लिहिली. कुठला हात, कुठला पाय, सगळं नीट. आणि शेवटी मला राहवलं नाही. एक वाक्य घातलं : "या माथ्यावर यापूर्वी कधीही माणसाचं पाऊल पडलेलं नव्हतं." सोराबजी माझी असली वाक्यं नेहमी काढून टाकत. हे त्यांनी ठेवलं. एवढंच नव्हे, तर फोटोखाली ठळक अक्षरांत 'खुंट्यावरची पहिली चढाई' असं छापलं. तो अंक मी आठवडाभर दुकानात दर्शनी ठेवला होता.

दोन महिन्यांनी विल्टनसाहेबाचं पत्र आलं, की दिवाणखान्यात लावायला तो फोटो मोठा करून हवा आहे. मोठा छाप करताना बारीकसारीक दोष दिसू लागतात. प्लेटवर धूळ बसली असेल तर छापात पांढरा ठिपका येतो. प्लेटवरचा मसाला, म्हणजे रसायनाचा थर, टाचणीएवढा उडाला असेल तर काळा. हे ठिपके बारीक कुंचल्याने, नाहीतर धारदार पात्याने घालवायचे, हा आमच्या धंद्यातला नित्याचा भाग. खुंट्याच्या उजव्या कडेला, खिंडीच्या बाजूने, मला काळे ठिपके दिसले. मी पातं उचललं आणि थांबलो. ठिपके एकाखाली एक होते. सारख्या अंतरावर. मसाला असा ओळीने उडत नाही.

मी दुसरी प्लेट काढली, अकरा वाजताची. तिच्यातही त्याच जागी तेच ठिपके होते. म्हणजे दोष प्लेटचा नव्हता, ते खडकावरच होतं. मी भिंग घेतलं. कोपरभर अंतराने खोदलेल्या खोबणी. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग मी माथ्याकडे पाहिलं. साहेब टोपी हलवत उभा होता, त्याच्या एका बाजूचं गवत गडद आणि दुसऱ्या बाजूचं फिकट, आणि मधली रेघ सरळ. ज्याने एकदा तरी गवताचा माळ अर्धा कापलेला पाहिला आहे, त्याला ती रेघ ओळखता येते.

माझ्याच फोटोत ते सगळं होतं. मीच पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात धोंडू बाजाराला आला, तेव्हा मी त्याला दुकानात बोलावलं आणि भिंग हातात दिलं. त्याने पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"पाखरांनी केलं असंल," तो म्हणाला.

"धोंडू, पाखरं विळा घेऊन जातात का?"

त्याने दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, नका इचारू. आमची वयनी जाते. पर तिचं नाव सायबाच्या कागदात गेलं आन् जंगलच्या गार्डाच्या कानावर गेलं, तर? म्हून मी त्या दिवशी काय बोललो नाय."

मला माझं ते छापलेलं वाक्य आठवलं. ज्या माणसाच्या भावजयीच्या पायाखालची जागा मी कोरी ठरवली, तोच माणूस माझ्या प्लेटींची पेटी डोक्यावर घेऊन शेजारी बसला होता.

मी त्याला म्हणालो, "नाव छापत नाही. पण मला बघायचं आहे."

धोंडूची वहिनी म्हणजे सोनाबाई. नवरा परळला गिरणीत, ही वाडीत. दोन म्हशी, थोडी नाचणीची जमीन. चाळिशीची असेल. मला पाहून म्हणाली, "तुमीच का ते, तोंडावर काळं फडकं घेनारे? आमी वरून बगायचो."

"वरून?"

"खुंट्यावरून. तुमी समोर. आमाला वाटायचं, ह्या मानसाला ऊन सोसत नाय."

म्हणजे मी तिला पाहिलं नव्हतं, पण तिने मला पाहिलं होतं. मी विचारलं, ती वर कशासाठी जाते.

"गवताला. खालचं समदं रान राखीव केलं. काडी घेतली तरी गार्ड विळा काढून घेतो. वर गार्ड येत नाय." आणि हसली. "त्याला येता येत नाय."

"कुणी शिकवलं?"

"सासूनं. लगीन होऊन आले, त्याच्या दुसऱ्या वर्साला. खोबनी तवाबी व्हत्याच."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हून तर खाली बगत नाय."

मी तिला सांगितलं, की साहेब खुंट्यावर पहिला गेला असं छापलं आहे. तिने धोंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पयला म्हंजे? मग आमी काय पाखरं हाव?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिंडीत उभं राहून तिला चढताना पाहिलं. कासोटा घट्ट, विळा पाठीशी खोचलेला, पाय अनवाणी. प्रत्येक वेळी हात टाकण्याआधी ती कातळावर तळवा आपटायची आणि आवाज ऐकायची. एका जागी आवाज पोकळ आला, तर तिने हात दुसरीकडे टाकला. हे सगळं इतकं सहज, की मी वेळ पाहायचा विसरलो. अर्ध्यावर गेली तेव्हा मी ओरडलो, "थांबा जरा!" ती एका खोबणीवर थांबली, मान वळवून खाली माझ्याकडे पाहिलं. मी प्लेट उघडली.

"लवकर करा, मास्तर, पाय भरतोय!"

माझ्या सगळ्या आयुष्यात काढलेल्या फोटोंत तो पहिल्या पाचात येईल.

घरी येऊन मी सोराबजींना लिहिलं, की आपण छापलेलं चूक आहे; खालच्या वस्तीतली माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. उत्तर आलं : "गावोगाव लोक असं सांगतात. पुरावा पाठवा." पुरावा माझ्यासमोर टेबलावर होता. वर्षअखेरच्या अंकात वर्गणीदारांची यादी छापत असत. त्या यादीत जंगल खात्यातले दोन साहेब होते. फोटो छापला, की त्यांना कडा दिसेल, खोबणी दिसतील, विळाही दिसेल. मी लिहिलं, की पुरावा आहे, पण पाठवता येत नाही. सोराबजी वकिली डोक्याचे. त्यांनी कळवलं : "जो दाखवता येत नाही, तो पुरावा नव्हे. विषय संपला." माझाही हट्ट पेटला. पुढच्या अंकाला मी काही पाठवलं नाही. आंबेनळीकडे गेलो, तरी कॅमेरा नेईना. हा उद्योग इथेच संपला, अशी मनाची तयारी केली.

पावसाळ्याच्या आधी विल्टनसाहेब स्वतः मोठा फोटो न्यायला आला. मी त्या खोबणी घालवल्या नव्हत्या. फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. साहेब लांबून पाहत होता, मग जवळ गेला, मग एकदम जवळ. बराच वेळ उजव्या कडेकडे पाहत राहिला. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून हिरव्या काचेचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. बांगडीचा.

"हा मला वर सापडला," तो म्हणाला. "मी स्वतःला सांगितलं, कावळ्याने आणला असेल."

"आणि गवत?"

"गवत कावळ्याने कापलं, असं मात्र स्वतःला सांगता येईना. मग मी त्याचा विचार करायचं सोडून दिलं." तो खुर्चीवर बसला. "पंधरा वर्षं चढतो आहे. कुठेही पहिला नव्हतो. तुमचं ते वाक्य वाचलं आणि वाटलं, राहू दे."

मला त्या माणसाबद्दल तेव्हा जी आपुलकी वाटली, ती आधी कधी वाटली नव्हती. कारण ते वाक्य लिहिताना मलाही तसंच वाटलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं, गार्डाची भीतीही. तो म्हणाला, "तिला विचारा, मला वाट दाखवेल का. मी कुणाला सांगणार नाही."

धोंडूने निरोप नेला. सोनाबाईने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. सकाळी आम्ही खिंडीत जमलो. साहेबाने खिळ्यांचे बूट काढले, मोजे काढले. त्याचे पांढरेफटक पाय पाहून सोनाबाईने पदर तोंडाला लावला. दोर मात्र तो सोडेना. ती म्हणाली, "त्यो कशाला? गुतायला?" शेवटी दोर खिंडीतच राहिला. ती पुढे, साहेब मागे. खाली मी आणि धोंडू. पहिल्या काही खोबणी त्याने झपाझप ओलांडल्या. मधे कातळ जरा फुगलेला आहे, तिथे त्याने गुडघा टेकवला आणि वरून आवाज आला :

"गुडगा नको लावू रं! पाय टाक, पाय! डावा!"

खाली जमिनीवर 'सायब, तुमी' म्हणणारी बाई कातळावर त्याला अरेतुरे करत होती. तो मुकाट्याने ऐकत होता. मराठी त्याला कितपत कळत होतं कोण जाणे, पण डावा पाय टाकला. मग मी पाहिलं, की साहेबही हात टाकण्याआधी कातळावर तळवा आपटतो आहे. ती सवय त्याची जुनी, की त्या पाच मिनिटांत तिच्याकडून उचललेली, हे मी त्याला विचारायचं विसरलो आणि मग ते राहूनच गेलं.

ते दोघं माथ्यावर तासभर होते. खाली आल्यावर साहेबाने माझ्यामार्फत तिला विचारलं, "मग इथे पहिलं कोण गेलं असेल?"

सोनाबाई पायातला काटा काढत होती. "कुनाला ठाव! गवत व्हतं, म्हून गेलो. पयलं कोन ते कुनी इचारलंच नाय."

विल्टनसाहेबाने त्रैमासिकाला स्वतः पत्र लिहिलं. शेवटच्या पानावर, बुटाच्या पॉलिशच्या जाहिरातीखाली, बारीक टाइपात चार ओळी आल्या. आशय असा, की खुंट्यावर मी पहिला गेलो असं मागे छापलं गेलं ते खरं नाही; जवळचे लोक तिथे फार पूर्वीपासून जातात; त्यांच्या वाटेने मीही जाऊन आलो आणि ती माझ्या वाटेपेक्षा चांगली आहे. गवताचा उल्लेख नाही, बाईचा नाही, वाडीचा नाही. त्या चार ओळींनंतर मुंबईच्या मंडळींत त्याची थट्टा झाली, असं मला पुढे कळलं. त्याने मात्र मला कधी तसं बोलून दाखवलं नाही.

सोराबजींचं मला पत्र आलं : "फोटो होता ना तुमच्याकडे?" मी सगळं कारण लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर एका ओळीचं : "पुढच्या अंकाचा मजकूर अजून आला नाही." मी त्याच आठवड्यात प्लेटी मागवल्या.

त्यानंतरची सहा-सात वर्षं मी नेमाने लिहीत राहिलो. एक फरक पडला. कुठल्याही कड्याचा फोटो पाठवण्याआधी मी खालच्या वाडीत जाऊन विचारायचा, "वर कुणी जातं का?" सुरुवातीला लोक नाही म्हणायचे. दुसऱ्यांदा गेलं, की हसायचे. तिसऱ्यांदा कुणीतरी सांगायचं. कुठे मधाला, कुठे हरवलेल्या शेळीला, कुठे देवाला नारळ द्यायला. एका कड्यावर तर एक म्हातारा दरवर्षी नुसता समुद्र दिसतो का बघायला जायचा. 'पहिली' हा शब्द मी पुन्हा कधी लिहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धाची कुणकुण सुरू झाली, कागद महागला, आणि सोराबजींनी कळवलं, की पुढचा अंक शेवटचा. "तो फोटो आता देता येईल का?" असं त्यांनी पुढे विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो एकदाही मागितला नव्हता.

सोनाबाई तोवर वाडीत नव्हती. नवऱ्याच्या छातीचं दुखणं वाढलं, म्हणून म्हशी विकून ती परळला राहायला गेली होती. धोंडूकडून पत्ता घेऊन मी चाळीत गेलो. दारातच बसून ती तांदूळ निवडत होती. मला पाहताच म्हणाली, "काळं फडकं कुठं?" मी फोटो दाखवला. तिने तो हातात घेऊन उजेडात धरला, स्वतःकडे बराच वेळ पाहिलं, मग पायाखालच्या खोबणीकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं.

"ही आता बुजली असंल," ती म्हणाली. "दर वर्साला माती काढायला लागते."

"छापू का? तुमच्या नावासकट?"

"छापा की. आता गार्ड काय नेनार? म्हस बी नाय, विळा बी नाय."

शेवटच्या अंकात तो फोटो पूर्ण पानभर आला. खाली सोराबजींनी तिचं पूर्ण नाव घातलं, नवऱ्याच्या आणि गावाच्या नावासकट, आणि पुढे लिहिलं, की खुंट्याची खरी वाट हिने आम्हाला दाखवली. त्या पानावर दुसरं काही नव्हतं. मी एक अंक घेऊन पुन्हा परळला गेलो. मला वाटत होतं, की एक जुनी चूक आता पुरती निस्तरली. मनातून मी खूश होतो.

सोनाबाईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "ह्यात माझं नाव कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या इंग्रजी अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग बोट तसंच पुढे सरकवत कोऱ्या कागदावर आणलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आन् सासूचं?"

तिच्या सासूचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, की वाट सासूने दाखवली, आणि मी ते ऐकून पुढे गेलो होतो.

"तिचं नाव काय होतं?"

"ठकूबाई. तिला तिच्या सासूनं दावलं. तिचं नाव मला ठाव नाय. धोंडूभावजींना इचारा."

मी धोंडूला विचारलं. त्याला आईचं नाव ठाऊक होतं, आजीचं नव्हतं. त्याच्या जन्माआधीच ती गेली होती. वाडीत तिच्या वेळचं कुणी उरलं नव्हतं. मी तरीही दोन-तीन घरं फिरलो.

त्रैमासिक बंद पडलं होतं. दुरुस्ती छापायला जागा नव्हती. सोराबजीही पुढे फार वर्षं राहिले नाहीत. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्याबद्दल काहीतरी लिहा' म्हणून सांगितलं, तेव्हा मी हेच लिहायचं ठरवलं. ती दुरुस्ती अशी आहे : खुंट्यावर विल्टनसाहेबाच्या आधी सोनाबाई जात होती. सोनाबाईच्या आधी तिची सासू ठकूबाई जात होती. ठकूबाईच्या आधी तिची सासू जात होती. तिचं नाव या लेखकाने वेळेवर विचारलं नाही.